पाळकांचा सोमवार : विसाव्याचा बंदोबस्त कसा लावावा

मी चर्चचा पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मसेवक. मे महिन्यातला शनिवार होता. सकाळी एक लग्न लावलं, दुपारी कब्रस्तानात एका आजोबांना माती दिली, आणि घामाने ओला झालेला झगा वाळायच्या आत संध्याकाळच्या लग्नाला पुन्हा वेदीपुढे उभा राहिलो. नवऱ्या मुलाला प्रश्न विचारला आणि नाव घेतलं ते सकाळच्या वधूचं. मांडवभर हशा पिकला. वधू मात्र हसली नाही. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

रात्री घरी बायको म्हणाली, "नाव चुकलं त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका. पण या आठवड्यात तुम्ही मला दोनदा 'ताई' म्हणालात."

पाळकाच्या तोंडात सगळ्या जगाला 'ताई', 'मावशी', 'भाऊ' असतंच. घरातल्या बाईलाही तसंच म्हणू लागलो, तेव्हा कळलं की मी घरी येतच नव्हतो, फक्त अंग टाकायला येत होतो.

त्याआधी दर जानेवारीत मी ठरवायचो, यंदा आठवड्याला एक दिवस सुट्टी. पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) यायच्या आत तो बेत मोडायचा. माझं चुकत होतं ते इथेच. विसावा मनातल्या मनात ठरवून मिळत नाही, कारण पाळकाचा वेळ एकट्या पाळकाच्या हातात नसतो. त्याचा बंदोबस्त लावावा लागतो, तोही चारचौघांना सांगून, कागदावर, बदली माणूस नेमून. तो कसा लावायचा हे मी बऱ्याच चुका करून शिकलो. माझी सगळी सेवा मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या भाविक समुदायांत झाली, म्हणून भाषा आमच्याकडची आहे. फादरांना, म्हणजे कॅथोलिक धर्मगुरूंना, लागू पडेल ते त्यांनी घ्यावं. त्यांच्यासाठी पुढे एकदोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या आहेत.

आधी दोन आठवड्यांची वही

सुट्टी मागण्याआधी वेळ जातो कुठे ते पाहा. साधी शंभर पानी वही घ्या. रोज रात्री पाच मिनिटं बसून तीन गोष्टी लिहा: काय केलं, किती वेळ गेला, आणि हे काम दुसऱ्या कोणाला जमलं असतं का. तिसऱ्या रकान्यात खोटं लिहू नका. 'मलाच करावं लागतं' आणि 'मलाच आवडतं' यांत फरक आहे.

माझ्या वहीने मला खजील केलं. उपदेशाची तयारी, आजाऱ्यांच्या भेटी, प्रार्थना, म्हणजे ज्यासाठी माझा दीक्षाविधी झाला त्या कामांना निम्म्याहून कमी वेळ मिळत होता. बाकीचा गेला बाप्तिस्म्याचे दाखले शोधून देण्यात (जूनमधल्या शाळाप्रवेशाच्या वेळी तर रांगच लागते), माईकवाल्याला फोन करण्यात, कंपाउंडच्या भिंतीचं भांडण मिटवण्यात. आणि सात वाजताचा कार्यक्रम साडेआठला सुरू होईपर्यंत पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसून राहण्यात. हे नुसतं बसणंच आठवड्याला पाच तास भरलं.

ही वही जपून ठेवा. मंडळीच्या कमिटीपुढे जाल तेव्हा 'मी थकलो' म्हणण्यापेक्षा ती उघडून दाखवलेली बरी. थकल्याची तक्रार ऐकून लोक 'आम्ही काय कमी थकतो?' म्हणतात. हिशेब दाखवला की गप्प बसून पाहतात.

वार ठरवा, तोही कमिटीत

बहुतेक पाळक सोमवार घेतात आणि माझंही मत सोमवारच्याच बाजूचं आहे. पण तो कधी सुरू होतो हे महत्त्वाचं. सोमवार सकाळपासून धरला, तर रविवारी रात्री कोणीतरी 'उद्या तुम्ही मोकळेच आहात ना' म्हणत हिशेबाच्या वह्या घेऊन येतं. पवित्र शास्त्रातला शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, संध्याकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपतो. मी तीच पद्धत उचलली: रविवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी संध्याकाळी सहा. रविवारच्या उपासनेनंतर डोकं तापलेलंच असतं. कोण आलं नाही, कोण तोंड फिरवून गेलं, उपदेशातलं कोणतं वाक्य फसलं, सगळं घोळत राहतं. ते शांत व्हायला रात्र लागते. मग सोमवार सकाळ खरी मोकळी मिळते. तुमच्याकडे रविवारी संध्याकाळची उपासना असेल तर ती संपल्यापासून २४ तास धरा.

आता कमिटी. हा विषय तोंडी काढू नका, विषयपत्रिकेवर घ्या. ठराव इतिवृत्तात लिहून त्यावर सही होऊ द्या. तीन गोष्टी ठरावात असल्याच पाहिजेत: वार आणि वेळ, त्या वेळात कोणाला फोन करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी दफनविधी आला तर बदली दिवस कोणता. रविवारी सूचना द्यायची ती सेक्रेटरींनी, पाळकांनी नव्हे. पाळकाने स्वतःच्या सुट्टीची सूचना स्वतः वाचली की ती विनवणीसारखी ऐकू येते. आमच्याकडे वाचली गेली ती साधारण अशी:

"येत्या महिन्यापासून पाळकसाहेबांची साप्ताहिक सुट्टी रविवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी संध्याकाळी सहा अशी राहील. या वेळात मृत्यू, अपघात किंवा कोणी अत्यवस्थ असल्यास मंडळीच्या सेक्रेटरींना फोन करावा. दाखले, नोंदी आणि कार्यक्रमाच्या तारखांसाठी मंगळवारी सकाळी नऊनंतर भेटावे."

कोणी कुजबुजेल, 'देवाच्या सेवकाला कसली सुट्टी?' त्याला मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली सकाळ वाचायला द्या. कफर्णहूमात आदल्या रात्री सगळं गाव दाराशी लोटलं होतं. येशू पहाटे उठून एकांती गेला. शिष्य शिमोन शोधत आला, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणाला. येशू त्या गर्दीकडे परतला नाही, पुढच्या गावांकडे निघाला. कफर्णहूमात त्या दिवशी बरे न झालेले लोक राहिलेच असतील. या प्रसंगावर मी कित्येकदा उपदेश केला, पण हे माझ्या ध्यानात आलं ते फार उशिरा.

फोन

याबद्दल थोडक्यात. दोन नंबर ठेवा. मंडळीचा नंबर वेगळ्या साध्या हँडसेटमध्ये, आणि रविवारी संध्याकाळी तो हँडसेट सेक्रेटरींच्या हातात. सायलेंटवर ठेवून भागत नाही, स्क्रीन उजळली की हात जातोच. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून त्या दिवसापुरते बाहेर पडण्याची गरज नाही, पण तो ग्रुप घरच्या फोनवर नसावा. 'सुप्रभात' आणि बायबलवचनांच्या चित्रांना उत्तर देणं ही पाळकीय सेवा नव्हे.

त्या दिवशी करायचं काय

पहिल्या तीन सोमवारी काय करावं तेच कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी घरभर येरझारा घातल्या, मग चोरून पुढच्या रविवारचा उतारा काढला. तसं होतं. अशा वेळी पवित्र शास्त्रातली एलीया संदेष्ट्याची गोष्ट उपयोगी पडते, १ राजे १९. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवून तो माणूस झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, प्रार्थना करायलाही सांगत नाही. झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. होरेब डोंगरावरची देवाची ती मंद वाणी त्यानंतरची. आपण मात्र थकलेल्या माणसाला थेट होरेबावर चढवायला निघतो.

तेव्हा क्रम तोच ठेवा. आधी झोप. सोमवारी गजर लावू नका. मग पोटभर, गरम, घरचं जेवण, बसून. त्यानंतर हाताने करायचं काहीतरी: बागेला पाणी, सायकल पुसणं, बाजारात जाऊन मेथी निवडून आणणं. आमच्या कामाचं फळ डोळ्यांना दिसत नाही. वीस वर्षं समजावलेला माणूस एकविसाव्या वर्षी दारू सोडतो किंवा सोडतही नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी असं काम करावं की जे दुपारी बारापर्यंत पुरं झालेलं दिसतं. मी चपला शिवायला शिकलो. अजून चांगल्या जमत नाहीत.

त्या दिवशीची प्रार्थना सोडू नका, पण नावांची यादी बाजूला ठेवा. स्वतःसाठी एक स्तोत्र सावकाश वाचायचं, त्यातून उपदेशाचा मुद्दा काढायचा नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. हात पेन्सिलीकडे जातो.

आणि घरच्यांना विचारा. माझ्या बायकोने सांगितलं, "सोमवारी तुम्ही घरी असता, पण मला सुट्टी कुठे आहे?" पाळकाच्या पत्नीला मंडळी अर्धी पाळकच धरून चालते, पगाराशिवाय. महिला मंडळ तिचं, रविवारशाळा तिची, दारात आलेल्यांचा चहाही तिचाच. म्हणून सोमवारी सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला. पिठलं आणि भात, जास्त काही नाही.

घरभेटीचा चहा

शरीराची काळजी म्हटलं की लोक व्यायामाचं बोलतात. पाळकाच्या शरीराचं खरं नुकसान घरभेटीत होतं. एका संध्याकाळी नऊ घरं केली तर नऊ कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, आणि बशीत बिस्किटं. नाही म्हटलं तर 'आमच्याकडचं चालत नाही का पाळकसाहेब?' नाताळात याच्यावर करंज्या, चकल्या आणि शंकरपाळ्या. मधुमेह झालेले पाळक मी इतके पाहिलेत की त्याला आमचा धंद्याचा आजार म्हणावंसं वाटतं.

यावर उपाय सापडला तो एका आजीकडून. ती म्हणाली, प्रत्येक घरी 'नको' म्हणण्यापेक्षा एका घरी 'हो' म्हणा. तेव्हापासून मी आदल्या रविवारी सांगून ठेवतो: या बुधवारी अमक्या गल्लीत येणार, चहा अमुक घरी, बाकी सगळीकडे पाणी. जिथे चहा तिथे बिनसाखरेचा, अर्धा कप. पुढच्या वेळी घर बदलायचं. मान सगळ्यांना मिळतो आणि पोटावर एकाच कपाचा भार पडतो. एका संध्याकाळी पाचपेक्षा जास्त घरं घेऊ नका. सहाव्या घरातलं दुःख कानांवरून जातं, आत शिरत नाही.

वर्षातून एकदा रक्तातली साखर, रक्तदाब आणि डोळे तपासून घ्या. तारीख लक्षात राहावी म्हणून ती लग्नाच्या वाढदिवसाच्या आठवड्यात ठेवा. घसा बसत असेल तर आल्याच्या तुकड्यावर भागवू नका. तीन आठवडे आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. माईकशिवाय कब्रस्तानात ओरडण्याची हौस सोडा. प्रेषित पौलानेही आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यावर औषधासारखा सल्ला दिलाच आहे, नुसतं 'प्रार्थना कर' म्हणून सोडलं नाही.

काम वाटणं

पवित्र शास्त्रातला निर्गम १८ आम्हा सगळ्यांना पाठ आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसतो, सासरा इथ्रो पाहतो आणि म्हणतो, हे बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही झिजतील. आपण पहिला अर्धा भाग ऐकतो. दुसरा, लोकही झिजतात हा, विसरतो. ज्या मंडळीत सगळं पाळकच करतो तिथली माणसं दुबळी होत जातात.

वहीतल्या तिसऱ्या रकान्यावरून तीन कामं निवडा, एकदम दहा नकोत. माझी तीन अशी होती. दाखले आणि नोंदवह्या: एका निवृत्त शिक्षकांना मंगळवार-शुक्रवार दोन तास, सही तेवढी माझी. माईक, वीज, डागडुजी: तरुण संघ. महिन्यातला एक उपदेश: मंडळीतले दोन वडील (म्हणजे एल्डर) आणि एक नर्स, आळीपाळीने. नर्सबाईंचा पहिला उपदेश सात मिनिटांत संपला. माझे कधीच संपत नाहीत असं मंडळीने तेव्हा मोकळेपणाने सांगून टाकलं.

काम दिल्यावर ते आपल्यापेक्षा वाईट होणार हे गृहीत धरा, आणि सहा महिने मध्ये पडू नका. दाखल्यावर एखादं स्पेलिंग चुकेल, पुन्हा लिहून देता येतं.

वर्षाचं कॅलेंडर

आपल्याकडच्या पाळकाचं वर्ष तीन ठिकाणी चढतं. पहिला चढ उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) आणि पवित्र आठवडा. झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना आणि त्यातली येशूची क्रुसावरची सात वचनं, मग पुनरुत्थानदिनाची म्हणजे ईस्टरची पहाट. दुसरा मे महिना: उपवासकाळात लग्नं लागत नाहीत, शाळेची सुट्टी एप्रिल-मेमध्ये, म्हणून सगळी लग्नं तिथे येऊन कोसळतात. पाळकाच्या मुलांची सुट्टीही नेमकी तेव्हाच, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तिसरा डिसेंबर: घरोघरची नाताळगीतं रात्री एक-दोनपर्यंत, २४ची रात्र, २५ची सकाळ, ३१ची रात्र, १ जानेवारीची सकाळ. श्रीरामपूरकडच्या फादरांना याशिवाय सप्टेंबरातली हरेगावची मतमाऊलीची (मारियामातेची) यात्रा आणि तिच्याआधीचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना.

नवं कॅलेंडर हातात पडलं की आधी हे चढ खुणावून घ्या. प्रत्येक चढानंतरचे चार दिवस लगेच काट मारून बंद करा: ईस्टरनंतरचा सोमवार ते गुरुवार, जूनच्या पहिल्या आठवड्यातले चार दिवस, २ ते ५ जानेवारी. लग्नाची तारीख मागायला लोक येतात तेव्हा हेच कॅलेंडर त्यांच्यासमोर ठेवा. मे महिन्यात एका दिवशी एकच लग्न, हा नियम मी वर लिहिलेल्या त्या शनिवारनंतर केला. दोन घरं रागावली. एकाने मुहूर्ताचं कारण काढलं, ख्रिस्ती असून. मी ऐकलं नाही.

वार्षिक रजा आणि आत्मिक एकांतवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकात घालू नका. एकांतवासात पाळक म्हणून देवापुढे बसायचं असतं, रजेत बाप म्हणून मुलांबरोबर आंबे खायचे. याबाबतीत फादरमंडळींच्या हाती चांगला कागद आहे. कॅथोलिक चर्चच्या १९८३च्या कॅनन कायद्यातलं कलम ५३३ सांगतं की पॅरिश प्रीस्टला (स्थानिक चर्चच्या प्रमुख फादरांना) वर्षाला एक महिन्यापर्यंत सुट्टी घेता येते, सलग किंवा तुकड्यांनी, आणि वार्षिक रिट्रीटचे, म्हणजे एकांतवासाचे, दिवस त्यात धरायचे नाहीत. आठवड्याहून जास्त बाहेर राहायचं तर बिशपांच्या कार्यालयाला कळवायचं. कलम ९०५ प्रमाणे तर दिवसाला एक मिस्सा (कॅथोलिक उपासनाविधी) हाच नियम आहे. धर्मगुरू कमी असले तर बिशप दोनची, आणि रविवारी गरज पडल्यास तीनची मुभा देऊ शकतात. चौथी लावण्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ते कलम पुन्हा वाचावं. आम्हा प्रोटेस्टंट पाळकांनी आपापल्या सिनडचे (चर्चच्या कारभारी सभेचे) किंवा मिशनचे सेवानियम काढून वाचावेत. रजा लिहिलेली असते, आपण मागितलेली नसते.

बोलायला एक माणूस

मंडळीतला मित्र कितीही जवळचा असला तरी त्याच्याशी सगळं बोलता येत नाही. कारण उद्या त्याच्याच भावाचं प्रकरण तुमच्यापुढे येणार असतं. तीस-चाळीस किलोमीटरवरचा, शक्यतो दुसऱ्या पंथाचा, एक पाळक किंवा फादर शोधा. महिन्यातून एकदा भेटायचं, जागा दोघांच्या मध्ये. आम्ही एसटी स्टँडजवळच्या खानावळीत भेटायचो, मिसळ खायचो. नियम दोन होते. कोणाचं नाव घ्यायचं नाही, आणि एकाचं पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याने वचन सांगायचं नाही. दुसरा नियम पाळणं पाळकांना फार जड जातं.

थकवा आणि त्यापलीकडचं काही, यांत फरक करायला शिका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगवर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत 'बर्नआउट'चा अर्थ नमूद केला आहे. तो आजार नव्हे, कामातल्या न सावरलेल्या ताणाची अवस्था आहे. खुणा तीन: अंगात त्राण न राहणं, कामाविषयी तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पाळकात दुसरी खूण अशी दिसते: घंटी वाजली की 'आता कोण मेलं' हे मनात येतं. हे मी स्वतःच्या मनात ऐकलेलं आहे.

सोमवार नीट मिळू लागले की हे हळूहळू ओसरतं. पण दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, झोप उडाली, कशातच गोडी वाटेना, तर तो सुट्टीचा प्रश्न उरत नाही, डॉक्टरांकडे जायचं. मरणाचे विचार आले तर दोन आठवडेही थांबू नका. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. गावातल्या डॉक्टरांकडे गेलं तर चर्चा होईल अशी भीती असेल, तर दुसऱ्या शहरात जा. गोळी घेणं हा विश्वासाचा अभाव, असं तुम्ही मंडळीतल्या मधुमेह्याला सांगाल का?

पहिले तीन महिने

कुरकुर होणार. 'आधीचे पाळकसाहेब रात्री बारालाही यायचे,' हे वाक्य तर नक्की ऐकाल. आधीचे पाळकसाहेब अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, हे उत्तर जिभेवर येईल, ते गिळा. सेक्रेटरींकडे बोट दाखवा आणि मंगळवारी सकाळी नऊला हजर राहा, एक मिनिटही उशीर नको. सोमवारचा नियम टिकतो तो मंगळवारच्या वक्तशीरपणावर.

दफनविधी सोमवारी येणारच. आपल्याकडे माती बहुधा चोवीस तासांच्या आत होते आणि त्या घराला पाळक हवाच असतो. जा. पण मातीहून परतल्यावर हातपाय धुऊन पहिलं काम हे करा: कॅलेंडरवर त्याच आठवड्यातल्या गुरुवारवर 'सोमवार' असं लिहा आणि सेक्रेटरींना फोन करून सांगा, हँडसेट बुधवारी संध्याकाळी घेऊन जा.